हैफाचे घोडेस्वार आणि एक काळपट पदक



हैफाजवळच्या आमच्या गावात मतनासच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याला लष्करी इतिहासाचं एक मंडळ भरतं. सभासद बहुतेक पेन्शनर. कोणी रुमानियाचे, कोणी मोरोक्कोचे आणि आम्ही चार-पाच बेने इस्राएल. चहा-बिस्किटं आळीपाळीने आणायची आणि दर खेपेला एक पाहुणा वक्ता बोलवायचा. आम्ही जन्मभर नर्सचं काम केलं. लढाईशी आमचा संबंध एवढाच, की लढाईनंतर जे खाटेवर येतात त्यांची मलमपट्टी करायची. शेजारणीने ओढून नेलं म्हणून गेलो आणि मग सवयच लागली.

मागच्या सप्टेंबरात एक निवृत्त इतिहासशिक्षक आले होते. विषय होता हैफाची लढाई, २३ सप्टेंबर १९१८. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि म्हणाले, "हे शहर तुर्कांच्या हातून सोडवलं ते हिंदुस्थानच्या घोडेस्वारांनी." सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आम्हाला तर लाजच वाटली. पन्नासेक वर्षं आम्ही हैफाला येतो-जातो. याफो रस्त्यावरच्या हिंदी स्मशानभूमीवरून किती वेळा बस गेली असेल. शाळेत शिवाजी महाराज शिकलो, पानिपत शिकलो, पण हे आम्हाला कोणी शिकवलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांचे हे स्वार इंग्रजांच्या बाजूने लढत होते. समोर तोफा आणि मशीनगनी, यांच्या हातात भाले नि तलवारी. एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदी. नदीकाठच्या वाळूत घोडे रुतायला लागले तेव्हा जोधपूरचे स्वार डावीकडे वळले, मशीनगनींवर धावून गेले आणि तसेच शहरात घुसले. म्हैसूरवाल्यांनी डोंगरावरच्या तोफा घेतल्या. तेरा-साडेतेराशे कैदी आणि सतरा तोफा हाती लागल्या. आपले आठ जण पडले, चौतीस जखमी झाले. जोधपूरच्या स्वारांचे पुढारी मेजर दलपतसिंग त्यात गेले. घोडे मात्र साठ मेले.

बाळांनो, ही तीच किशोन, जिच्या काठी दबोराच्या वेळी सिसराचे नऊशे लोखंडी रथ फसले होते.

म्हैसूरचं नाव निघालं तसं आम्हीही उभं राहून दोन शब्द बोललो. आमच्या तोडक्या हिब्रूत सामाजी हसाजी दिवेकरांची गोष्ट सांगितली. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपू सुलतानाने त्यांना म्हैसूरला कैदेत ठेवलं. सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला आपली पहिली मशीद, शआर हारहमीम, बांधली. रुमानियाचे एक आजोबा म्हणाले, "म्हणजे म्हैसूरने तुमच्या माणसाला धरलं आणि आमच्या शहराला सोडवलं!" सगळे हसले.

चहाच्या वेळी आमच्यातलेच एक काका पुढे आले. एरवी ते फारसे बोलत नाहीत. रुमालात बांधलेलं एक काळपट पदक त्यांनी वक्त्यांपुढे ठेवलं. त्यांच्या आजोबांचं, पहिल्या महायुद्धातलं. दुसऱ्यांकडे चांदीचं, यांच्याकडे ब्राँझचं. म्हणून भाऊबंद चिडवायचे, "हे खोटं, बाजारातून आणलेलं." काकांच्या वडिलांनी ते कधी कोणाला दाखवलंच नाही. ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि ट्रंकेबरोबरच ते इस्राएलला आलं.

वक्त्यांनी भिंग काढलं, पदक आडवं धरलं आणि कड वाचली. कडेवर नंबर होता, नाव होतं आणि पथक होतं. काकांच्या आजोबांचंच नाव, इंग्रजी अक्षरांत. पथक लष्करी दवाखान्याच्या नोकरांचं. वक्ते म्हणाले, "खोटं नाही. लढणाऱ्यांना चांदीचं दिलं, मजुरांना आणि छावणीतल्या नोकरांना ब्राँझचं." काका खुर्चीवर बसले. म्हणाले, "म्हणजे ते खाटा उचलायचे." आम्ही म्हटलं, "खाटा उचलायचे, पाणी पाजायचे, घाण काढायचे. आम्ही तेच केलं, काका. त्याशिवाय जखमी माणूस वाचत नाही." त्यांनी पदक परत रुमालात बांधलं नाही, खिशाला लावलं.

पुढच्या आठवड्यात मिनीबस करून आम्ही सगळे नातवंडांसह हैफाला गेलो. स्मशानभूमी लहान आणि शांत आहे. पंतप्रधान मोदींनी जुलै २०१७ मध्ये मेजर दलपतसिंगांच्या नावाच्या फलकाचं अनावरण केलं, तेव्हापासून पुष्कळ लोक येतात. मुलांनी प्रत्येक दगडावर एकेक खडा ठेवला. काकांची आठ वर्षांची पणती सगळीकडे फिरून आली आणि विचारते, "घोड्यांची नावं कुठे लिहिलीत?" कोणाला उत्तर देता आलं नाही. मग तिने एक खडा वेगळा, गवतात ठेवला.

तिथून एलियाहू हनाबीच्या गुहेला गेलो. मलिद्याचं ताट घरून नेलंच होतं. पोहे, गूळ, ओलं खोबरं, पाच फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर हनाबीच्या रथाच्या खुणा आहेत असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. तेव्हा घोड्यांची आठवण इथेही आलीच. बराखा झाल्यावर काकांनी आजोबांचं नाव मोठ्याने घेतलं. नातवंडांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं.

वाचकहो, एक विनंती. तुमच्या घरी ट्रंकेत पहिल्या महायुद्धातलं पदक असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. नुसतं उजेडात धरा, नातवंडाला जवळ बोलवा आणि कड वाचायला सांगा. त्याचे डोळे चांगले आहेत, आणि नाव कोणाचं ते तुम्ही सांगाल.