रक्त आमचं, रिपोर्ट कुठाय?

रविवारची सकाळ. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका संस्थेची टीम आली, मधुमेहाच्या अभ्यासासाठी. तुमच्या-आमच्यासारखीच मुलं, गळ्यात आयकार्ड, हातात चार पानी फॉर्म. आईने चहा केला, सव्वा तास उत्तरं दिली, रक्तही दिलं. निघताना विचारलं, ''बाळा, रिपोर्ट कधी?'' ''कळवतो काकू.'' या गोष्टीला दोन वर्षं झाली. शेवटी आईने नाक्यावरच्या लॅबमध्ये पैसे भरून शुगर तपासून घेतली.

मी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये, डेटावरच काम करते. क्लायंटला फाइल तासभर उशिरा गेली तरी बॉस केबिनमध्ये बोलावतो. इथे मात्र ज्यांनी डेटा दिला, ते कुणाचेच क्लायंट नाहीत. खरा लोचा तिथेच आहे.

आता म्हणाल, रिसर्च असाच चालतो. नाही हो! गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दवाखाना बांधताना तो कसा हवा हे आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाईक सोबत हवेत, असं लोक म्हणाले. मग झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं.

नंतर प्रश्न आला दगावणाऱ्या नवजात बाळांचा. ३९ गावांत, गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. बाळाचं वजन, श्वास मोजणं, अगदी अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पण त्या आयांना 'लॅन्सेट'ची वाट बघावी लागली नव्हती, अभ्यास चालू असतानाच बाळावर घरी उपचार होत होते. २०११ पासून सरकारने हीच पद्धत आशांमार्फत देशभर नेली. आज कल्याणच्या एखाद्या वस्तीत आशाताई बाळ-बाळंतिणीला बघायला येते, त्यात गडचिरोलीच्या त्या बायकांचा वाटा आहे.

मान्य, शहरात हे जड जातं. इथे शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, त्यात ८.१२ची फास्ट पकडायची असते. पण आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना शहर-खेडं करत नाहीत. अभ्यासात लोकांना सहभागी करून घ्या, निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोचवा, फायद्यात त्यांचा वाटा ठेवा, असं त्या सांगतात. संमतीपत्राची एक प्रत तुम्हाला मिळायला हवी. त्यावर संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तो फिरवायचा, बिनधास्त! आणि मध्येच नाही म्हणायचा हक्कही तुमचाच.

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टँकरचं बिल लागतं, गणपतीचा हिशोब लागतो. ''या बिल्डिंगमध्ये इतक्यांना तपासलं, इतक्यांची शुगर जास्त निघाली, आता अमुक दवाखान्यात जा,'' एवढं एक मराठी पान, नावं न घालता, तिथे लावायला असा कितीसा खर्च येतो?