असील

'असील' हे कोंबड्याच्या जातीचं नाव अरबीतून आलंय, हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. 'अस्ल' म्हणजे मूळ. त्यातूनच मराठीतलं 'अस्सल' आलं आणि त्यातूनच 'असील', म्हणजे खानदानी, शुद्ध वंशाचा. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हा शब्द माझा लाडका. पक्षीही तितकाच.

अब्बांनी असील पाळले ते झुंजीसाठी नव्हे. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणं गुन्हा आहे, आणि अब्बांना तसंही रक्त बघवत नसे. त्यांना शौक निवडीचा. लांब मान, ताठ उभं राहणं, अंगाला घट्ट बसलेली पिसं, गळ्याखालचे लोलक जवळजवळ नाहीतच. तुरा आखूड, वाटाण्याचे दाणे तीन ओळींत मांडल्यासारखा. रंगांची नावंही ऐकण्यासारखी: पीला, याकूब, नूरी, कागर. आमच्याकडे सोनेरी-तांबूस पीला.

अब्बा गेल्यावर तीन कोंबड्या आणि एक कोंबडा माझ्याकडे आला. प्रदर्शनात नेण्याजोगा पक्षी काढायचा म्हणून मी त्याच रक्तात जोड्या लावत गेलो. बाहेरचा नर नको. तिसऱ्या वर्षी खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी चारच पिल्लं निघाली. त्यातल्या एकाचा तुरा वाढला तो करवतीसारखा, दातेरी आणि उभा.

ज्यांच्याकडून हा शौक शिकतो ते चाचा म्हणाले, "मिलावट आहे. हंडीत घाला."

मला लाज वाटली. अब्बांच्या पक्ष्यांत मिलावट? शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, तर त्यांनी फळ्यावर मांडूनच दाखवलं. वाटाण्यासारखा तुरा प्रबळ, उभा तुरा लपून राहणारा. आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच तो दिसतो. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच. म्हणजे ज्या देखण्या जोडीचा मला अभिमान, तिच्यातच ते पिढ्यान्‌पिढ्या दडलेलं असणार. "आणि अंडी वाया जातायत ना," सर म्हणाले, "जवळच्या रक्तात जोड्या लावल्या की असंच होतं."

त्याच आठवड्यात भाचीच्या स्थळाची बैठक होती. मुलगा शिकलेला, नोकरीला, नमाजी. एका बुजुर्गांनी विचारलं, "बिरादरी कोणती?" मुलाचे आजोबा पिंजारी, गावोगाव गाद्या भरून देत. "मग जमायचं नाही," एवढंच बोलून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. जुम्म्याला एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आम्ही सगळे गप्प बसलो. मीही. भाची आतल्या खोलीत होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार.

रात्री खुराडं बंद करताना ते दातेरी तुऱ्याचं पिल्लू हातात घेतलं. चांगलं वजनदार झालंय. चाचांना मी फळ्यावरचं सगळं समजावून सांगितलं होतं, अगदी आकृती काढून. बैठकीत मात्र माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

पुढच्या हंगामात बाहेरचा नर आणणार आहे. त्याआधी रविवारी बाजीच्या घरी जायचंय, ते स्थळ पुन्हा काढायला. काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून पाहिलंय.