चालू आणि शाबूत

झाशी जिल्ह्यातील समथर हे आमचे गाव. एके काळी ते बुंदेलखंडातील एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. त्याचा किल्ला आजही उभा आहे. घराबाहेर बुंदेली आणि उंबरठ्याच्या आत मराठी, अशा दोन भाषांत मी वाढलो. आईच्या अखेरच्या वर्षांत तिच्या तोंडच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित केल्या आणि घरच्या संगणकात ठेवल्या.

त्या संगणकात तीन हार्ड डिस्क एकत्र जोडल्या होत्या. अशा जोडणीला ‘रेड’ म्हणतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या संशोधकांनी १९८८ साली आपल्या शोधनिबंधात तिची मांडणी केली. तिचे तत्त्व सोपे आहे. समजा, पहिल्या डिस्कवर ७ आहेत, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. दुसरी डिस्क निकामी झाली, तरी १२ मधून ७ वजा करताच ५ परत मिळतात. यंत्र बेरजेऐवजी शून्य आणि एक या अंकांची सम-विषमता पाहते, एवढाच फरक.

एका उन्हाळ्यात वीज सारखी जात-येत असताना एक डिस्क बंद पडली. कित्येक आठवडे मला ते कळलेच नाही. कारण काम सुरळीत चालले होते. एकदा सहज नोंदी पाहिल्या आणि छातीत धस्स झाले. आणखी एक डिस्क गेली असती, तर आईचा आवाज कायमचा हरपला असता.

नवी डिस्क लगेच बसवण्याचा मोह मी आवरला. पुनर्बांधणीच्या वेळी उरलेल्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. जुनी डिस्क नेमकी तेव्हाच दगा देऊ शकते. म्हणून सर्व ओव्या आधी दुसरीकडे उतरवून घेतल्या. मग झाशीहून आणलेली डिस्क जोडली. रात्रभर पडद्यावर टक्के चढत होते. पहाटे शंभर झाले. मी पहिली ओवी लावली. जात्यावर बसल्यासारखी आई गाऊ लागली.

घरातले एक माणूस खचले, तर बाकीचे त्याचे ओझे मुकाट्याने उचलतात. घर चालू राहते आणि आपण समजतो, सारे ठीक आहे. पण चालू असणे आणि शाबूत असणे यांत अंतर आहे. आता मी दर महिन्याला नोंदी तपासतो. चोरी, आग किंवा चुकून पुसले जाणे यांपुढे ‘रेड’ही हतबल असते, म्हणून ओव्यांची एक प्रत ग्वाल्हेरला बहिणीकडे ठेवली आहे. प्रत द्यायला गेलो, तेव्हा ताईने विचारले, “आणि तू कसा आहेस?”