एडिसन गांवांतील निषेधवाक्यें

गेल्या वर्षीं चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्हां उभयतांस अमेरिकेची वारी घडली. चिरंजीव न्यू जर्सी राज्यांतील एडिसन गांवीं राहतात. ‘गांव’ म्हणतों तें केवळ संवयीनें. वस्ती लाखाच्या वर आहे. टॉमस एडिसन यांनीं १८७६ सालीं येथील मेन्लो पार्क भागांत आपली प्रयोगशाळा उभारली, म्हणून १९५४ सालीं गांवानें त्यांचेंच नांव धारण केलें. प्रयोगशाळेच्या जागीं आज उंच स्मारक-मनोरा असून त्याच्या माथ्यावर विजेच्या दिव्याच्या आकाराचा प्रचंड कांचगोल बसविलेला आहे. ओक ट्री रोडवर आपल्याकडील भाजी, मिठाई, साड्या, सर्व कांहीं मिळतें. परंतु हें वर्णन वाचकांनीं अन्यत्र वाचलेलें असेल. मला तेथें खरें नवल वाटलें तें वस्तुमात्रावर चिकटविलेल्या इशाऱ्यांच्या चिठ्ठ्यांचें.

मी पडलों जन्माचा मास्तर. छापील अक्षर दिसलें कीं वाचल्यावांचून राहवत नाहीं. विमानतळावरून घरीं येतांना मोटारीच्या बाजूच्या आरशावर लिहिलेलें पाहिलें : ‘आरशांतील वस्तु दिसतात त्याहून जवळ आहेत.’ मला क्षणभर तें वेदान्तांतीलच वाक्य वाटलें! नव्या जोड्याच्या पेटींत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी निघाली. तिच्यावर ‘खाऊं नये.’ सूनबाईंच्या केस वाळविण्याच्या यंत्राच्या तारेस चिठ्ठी होती, ‘पाण्याजवळ वापरूं नये’. सोबतच्या पुस्तिकेंत ‘झोपेंत वापरूं नये.’ मोटारीच्या पुढील कांचेस ऊन अडविण्यासाठीं लावावयाच्या पडद्यावर ‘पडदा लावलेला असतां गाडी चालवूं नये.’ मीं एक वहीच केली. रात्रीं जेवतांना दिवसभराचा संग्रह वाचून दाखवावयाचा, आणि सर्वांनीं हंसावयाचें, असा क्रम सुरू झाला. “अण्णा, आज किती सांपडले?” असें सूनबाई वाढतां वाढतां विचारीत.

चौकशी करतां कळलें कीं हा नाद मला एकट्यासच नाहीं. मिशिगन राज्यांतील एक संस्था १९९७ पासून अशा विचित्र इशाऱ्यांची स्पर्धाच भरवीत असे. ‘घडी घालण्यापूर्वीं मुलास बाहेर काढावें,’ हें बाबागाडीवरील वाक्य. ‘गिळल्यास अपायकारक,’ हें मासे धरण्याच्या तीन टोंकांच्या गळावरील वाक्य. आणि ‘या यंत्रांत कोणत्याही व्यक्तीस घालूं नये,’ हें कपडे धुण्याच्या यंत्रावरील वाक्य, हीं त्या स्पर्धेंतील नामांकित रत्नें होत.

आतां एवढे शहाणे लोक असें कां लिहितात? चिरंजीवांनीं सांगितलें, “अण्णा, हें सारें कोर्टाच्या धाकानें.” १९६३ सालीं कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें, लांकूडकामाच्या एका यंत्रांतून उडालेला तुकडा कपाळीं लागून जखमी झालेल्या गृहस्थाच्या दाव्यांत असा निर्णय दिला कीं, सदोष वस्तूमुळें इजा झाल्यास, हयगय सिद्ध झाली नाहीं तरी, कारखानदार जबाबदार होय. पुढें आवश्यक तो इशारा न देणें हाही वस्तूचा दोषच गणला जाऊं लागला.

या संबंधांत कॉफीचा खटला सर्वतोमुखीं आहे. १९९२ सालीं न्यू मेक्सिको राज्यांतील आल्बुकर्क शहरीं ७९ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवर मॅक्डोनाल्डची कॉफी सांडली, त्यांनीं दावा लावला, आणि १९९४ सालीं पंचांनीं लक्षावधि डॉलर देवविले. कॉफी गरम असते हें म्हातारीस ठाऊक नव्हतें काय, म्हणून जग हंसलें. मीही हंसलों होतों. खटल्याची हकीकत वाचल्यावर मात्र खजील झालों. गाडी उभी होती आणि बाई चालविणाऱ्याच्या शेजारीं बसल्या होत्या. कॉफी सुमारें ८२ ते ८८ अंश सेंटिग्रेड इतकी कढत दिली जात असे. बाईंची कातडी खोलवर भाजून त्यांस आठ दिवस इस्पितळांत रहावें लागलें, कातडीचीं कलमें करावीं लागलीं. भाजल्याच्या सातशेंहून अधिक तक्रारी त्यापूर्वींच्या दहा वर्षांत कंपनीकडे आलेल्या होत्या. बाईंनीं प्रथम खर्चापोटीं वीस हजार डॉलर मागितले, तेव्हां कंपनीनें आठशें देऊं केले. पंचांनीं वीस टक्के दोष बाईंचाही धरला. पुढें न्यायाधीशांनीं दंडाची रक्कम २७ लक्षांवरून ४ लक्ष ८० हजारांवर आणली, आणि शेवटीं आपसांत तडजोड झाली. यांतील मौज अशी कीं त्या पेल्यावर इशारा होताच. तो पुरेसा नव्हता असें पंचांस वाटलें.

लहानपणीं शास्त्रीबुवांपाशीं ऐकलेला मीमांसेंतील एक वाद या वेळीं मला आठवला. वेदांत अग्निचयनाच्या प्रकरणीं, अंतरिक्षांत किंवा द्युलोकांत अग्नि रचूं नये, अशा अर्थाचें वाक्य आहे. पूर्वपक्षी विचारतो, आकाशांत अग्नि रचावयास जातो कोण? जें घडणेंच शक्य नाहीं त्याचा निषेध कशास? यावर शबरस्वामींचें समाधान असें कीं हा निषेध नव्हेच. सोनें ठेवून त्यावर चयन करावें, या विधीची ती स्तुति आहे. सारांश, वाक्य वेडगळ दिसलें तर बोलणाऱ्यास वेडा ठरविण्यापूर्वीं त्याचें तात्पर्य दुसरीकडे कोठें आहे काय, हें पहावें.

या न्यायानें मीं माझी वही पुन्हां चाळली. कित्येक वाक्यांचें तात्पर्य निव्वळ कंपनीच्या बचावांत आहे, यांत शंका नाहीं. कॅलिफोर्नियांत १९८६ सालीं मतदारांनीं कायदा केला कीं, कर्करोग किंवा जन्मदोष उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांचा संबंध येईल तेथें सूचना द्यावी. आज ती यादी नऊशेंच्या आसपास गेली असून, सूचना इतक्या ठिकाणीं दिसते कीं कोणी वाचीतच नाहीं. चिरंजीवांच्या घरीं दिव्यांच्या माळेवर देखील ती होती. २०१८ सालीं लॉस एंजलिसच्या एका न्यायाधीशानें कॉफीवरही ती छापावी असा निर्णय दिला. २०१९ सालीं राज्यानेंच कॉफीस त्यांतून वगळलें. वर्गांत मास्तर दिवसभर ‘गप्प बसा’ म्हणत राहिला तर मुलें त्याचें ऐकत नाहींत, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे.

पण एके दिवशीं गॅरेजमध्यें रंगाच्या दुकानांतून आणलेली एक पांढरी, वीसेक लिटरची बादली दिसली. तिच्यावर चित्र होतें : एक रांगतें मूल बादलींत डोकें खालीं, पाय वर, आणि त्यावर आडवी रेघ. खालीं इंग्रजींत व स्पॅनिशमध्यें, ‘मुलें बादलींत पडून बुडूं शकतात.’ मीं हंसत हंसत वही काढली, आणि लिहितां लिहितां हात थांबला. नंतर वाचलें कीं १९८४ पासूनच्या कांहीं वर्षांतच त्या देशांत अडीचशेंहून अधिक बालकें अशा बादल्यांत बुडून गेलीं. उभें राहूं लागलेल्या मुलाचें डोकें अंगाच्या मानानें जड असतें. तें वाकलें कीं तोल जातो, आणि भरलेली बादली कलंडत नाहीं. कपडे धुण्याच्या यंत्रांतही लहान मुलें शिरून दगावल्याचें तेव्हांच कळलें. जी ‘व्यक्ति’ यंत्रांत घालूं नये म्हणून आम्ही हंसलों, ती दोन-तीन वर्षांची होती.

आमच्या कोंकणांतील घरीं मागीलदारीं विहिरीशेजारीं गुरांना पाणी पाजावयाची दगडी डोणी होती. मी सहा वर्षांचा असतांना माझा सव्वा वर्षाचा धाकटा भाऊ तींत गेला. पाणी वीतभर होतें. घरांत त्या वेळीं अकरा माणसें होतीं. आईनें त्याविषयीं पुन्हां कधीं तोंडांतून शब्द काढला नाहीं. मात्र रोज रात्रीं निजण्यापूर्वीं ती कंदील घेऊन मागीलदारीं जाई, बादल्या, घंगाळें पालथीं घाली, आणि आम्हांस विचारी, “बादली पालथी घातलीस का रे?” मॅट्रिक झाल्यावर मला फार शहाणपण आलें होतें. एकदां मी म्हणालों, “आई, घरांत लहान मूल नाहीं, बादलींत बुडणार कोण?” ती कांहीं बोलली नाहीं. स्वतः जाऊन पालथी घालून आली.

एडिसनच्या त्या घरीं चिरंजीव व सूनबाई सकाळीं आठास कामावर जातात, मुलास सांभाळावयास एक बाई येते, आणि शेजारी महिन्या महिन्यांत दिसत नाहीं. तेथें आजी नाहीं, काकू नाहीं. जें सांगावयाचें तें कागदानेंच सांगावें लागतें.

आमचा नातू तेव्हां तेरा महिन्यांचा होता. मीं गॅरेजमधील बादली पालथी घातली. रात्रीं जेवतांना सूनबाईंनीं विचारलें, “अण्णा, आज किती?” मीं सांगितलें, “एक सांपडला, पण तो हंसण्याचा नाहीं.” मग त्यांना माझ्या भावाची गोष्ट सांगितली. चिरंजीवांसही ती ठाऊक नव्हती. परत निघावयाच्या आदल्या रात्रीं मी पाणी पिण्यास उठलों, तों गॅरेजमध्यें दिवा दिसला. सूनबाई बादली पालथी आहे ना, तें पाहून येत होत्या.