रुसलेला नवरदेव

पहाटे पावणेचारला उठायचे, काळोखात मैलभर चढण चढून एखाद्या ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसायचे, मानेवर गोचीड चढत असली तरी हात हलवायचा नाही, आणि दुपारी एक वाजता रिकाम्या हातांनी घरी परतायचे. एवढ्या उपद्व्यापाला आमच्या घरात कोणी शिकार म्हणत नाही. "निघालात वाटतं काकड आरतीला?" असे सौ. अंथरुणातूनच विचारते आणि कूस बदलते.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या दक्षिणेला ओझार्कचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या एका लहान गावात मी तीस वर्षे पोरांना गणित शिकवले. शिकारीचे वेड मला कधीच नव्हते. वाईला आमच्या वाड्यात उंदरालासुद्धा पिंजऱ्यात धरून नदीपलीकडे सोडून येत. पण आमचे शेजारी म्हातारबुवा पडले टर्कीचे भक्त. वय सत्त्याहत्तर. चाळीस वर्षे लाकूड कापायच्या गिरणीत करवतीपुढे उभे राहिलेले. करवतीने त्यांची दहाही बोटे शाबूत ठेवली, कान मात्र हळूहळू नेले. आणि टर्कीची शिकार तर आधी कानांनी करायची असते. सहा वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये त्यांनी कुंपणावरून मला विचारले, "पोरा, तुझे कान कसे आहेत?" मी म्हणालो, "ठीक आहेत." झाले! माझी नेमणूक झाली. परवाना आम्ही दोघेही काढतो, बंदूक मात्र एकच असते, आणि ती त्यांची.

टर्की म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे नाताळच्या ताटातला तो गुबगुबीत पक्षी येईल, तर त्याला कृपा करून विसरावे. रानटी नर, ज्याला इकडे 'टॉम' म्हणतात, तो तांब्याच्या घागरीसारखा उन्हात चमकतो. वजन वीस पौंडांच्या आसपास, छातीवर घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखी दाढी, पायाला अणकुचीदार आर. एवढे धूड असूनही रात्री उंच झाडावर झोपते आणि वेळ आली तर बाणासारखे उडते. त्याचे डोळे बाजूंना असल्यामुळे मान जराशी वळवली की त्याला चहूकडचे दिसते, आणि रंगही उत्तम कळतात. नाक तेवढे अधू. "त्याला वास आला असता, तर आजपर्यंत एकही टर्की कुणाला मिळाली नसती," असे इथले शिकारी म्हणतात. टॉमचे डोके तांबडे, पांढरे आणि निळे असते, म्हणून रानात ते तीन रंग अंगावर घालायचे नाहीत. एखादा उतावळा गडी तुम्हालाच टॉम समजायचा. म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याचेच रंग अमेरिकेच्या रानात वर्ज्य!

नावाचीही एक गंमतच आहे. हा पक्षी अस्सल अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांच्या भाषेतही तो 'हिंदचा'. पोर्तुगीज म्हणतात 'पेरू', आणि आपल्याकडे पेरू म्हणजे मीठ-तिखट लावून खायचे फळ. आपल्या देशाशी त्याचा संबंध आला तोही गोव्यातूनच. १६१२ साली मुकर्रबखानाने जहांगीर बादशहासाठी गोव्याहून ज्या अपूर्व वस्तू आणल्या, त्यांत एक टर्की होती. बादशहाने तिच्या रंग बदलणाऱ्या डोक्याचे वर्णन आपल्या रोजनिशीत केले, आणि उस्ताद मन्सूरने तिचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता या शिकारीतली खरी मेख सांगतो. वसंतात टॉम पहाटे झाडावरूनच ओरडतो. घशात गोट्या खळखळाव्यात तसा तो आवाज असतो आणि शांत पहाटेला मैलभर जातो. तो ऐकून माद्या त्याच्याकडे चालत जातात. निसर्गाची रीत अशी. शिकारी काय करतो? झाडाशी बसून लाकडी पेटीवर खडू लावलेले झाकण घासतो, मादीसारखा 'क्यॉक क्यॉक' आवाज काढतो आणि टॉमला म्हणतो, तूच ये. रीतच उलटी करायची! टॉम ओरडून उत्तर देतो, खाली उतरतो, निघतोही. मग साठ-सत्तर पावलांवर थांबतो, पिसारा फुलवतो आणि उभा राहतो. सीमंतपूजनाला दारात आलेल्या आणि मानपानावरून अडून बसलेल्या नवरदेवासारखा. मी इथवर आलो, आता चार पावले तिने यावे. छऱ्यांची बंदूक चाळीस पावलांपलीकडे मारू नये असा म्हातारबुवांचा दंडक. तो येत नाही, आपल्याला हलता येत नाही. पेटी जास्त वाजवावी तर त्याला संशय येतो, वाजवू नये तर तो कंटाळतो. अशी पाऊणपाऊण तास वरात अडकून पडते. शेवटी खरोखरची मादी कुठूनशी येते, आणि महाराज आमच्याकडे पाठ करून तिच्यामागे चालते होतात.

एक टॉम असा होता की तो ओढ्यापलीकडेच घुटमळायचा. ओढा केवढा? लुगडे नेसलेल्या बाईनेही ओलांडावा एवढा. त्याला पंख आहेत, पाय आहेत, पण सलग दोन वसंत त्याने तो ओढा ओलांडला नाही. तिसऱ्या वसंतात आम्ही ओढ्यापलीकडे जाऊन बसलो, तर स्वारी अलीकडे! कधी शंभर वेळा ओरडतो, कधी जाहिरात न करता मुकाट्याने येतो आणि आपल्याला बघून नाहीसाही होतो. सहा वर्षांत आम्हाला दोन मिळाले. त्यातला एक सौ.ने कोल्हापुरी मसाल्यात तीन तास शिजवला, तरी मांडीने शरणागती पत्करली नाही.

मग इतक्या वेळा जातो तरी का? पहिल्या वर्षी मी शेजारधर्म म्हणून गेलो. दुसऱ्या वर्षी मला मार्चपासूनच झोप लागेना. अंधार विरघळत असताना आधी घुबड बोलते. मग डॉगवुडची पांढरी फुले झाडांआधी दिसू लागतात, नुसतीच हवेत टांगल्यासारखी. आणि मग डोंगराच्या कडेवरून ती पहिली खळखळ येते. गणितात उत्तर शोधायला मी जायचो. इथे उत्तर माझ्याकडे चालत येत असते, किंवा येत नसते, आणि मी काही करू शकत नाही. असे काही न करता येणे मला माझ्या साऱ्या नोकरीत कधी लाभले नव्हते.

म्हातारबुवांचे कारण निराळे आहे. त्यांच्या बालपणी त्या खोऱ्यात टर्की उरलीच नव्हती. जंगले तोडली, बेसुमार मारली, पक्षी संपला. सरकारने पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकेनात. स्टार्कर लिओपोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९४४ साली दाखवून दिले की रानटीपणा हा पिढीजात असतो, तो कोंबड्यांच्या खुराड्यात तयार होत नाही. मग १९५४ पासून उरलेसुरले खरे रानटी पक्षी जाळी टाकून धरले आणि रिकाम्या डोंगरांत नेऊन सोडले. १९६० साली मिसूरीत शिकार पुन्हा उघडली, ती फक्त तीन दिवस. साऱ्या राज्यात ९४ टॉम मिळाले. तेव्हा म्हातारबुवा बारा वर्षांचे होते. घराच्या पायरीवर बसून पहिली खळखळ ऐकली ती एकोणिसाव्या वर्षी. वडील आत जेवत होते, ते ताट तसेच टाकून बाहेर आले. "ते काही बोलले नाहीत," म्हातारबुवा सांगत होते, "नुसते उभे राहिले." तो आवाज आता त्यांना ऐकू येत नाही. कानात यंत्र घातले तर सगळा गोंगाट एकदम येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. आणि दिशाच कळली नाही तर शिकारीत उरले काय?

म्हणून आमची एक खूण ठरली आहे. मी त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवतो. गुडघ्याच्या डावीकडे म्हणजे आवाज डावीकडून, उजवीकडे म्हणजे उजवीकडून. एकदा म्हणजे लांब, दोनदा म्हणजे जवळ. गेल्या वसंतात, हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात, एका टॉमने दोनदा उत्तर दिले आणि गप्प झाला. अर्धा तास गेला. मला काही म्हणजे काही ऐकू येईना. तेवढ्यात म्हातारबुवांनीच माझ्या मनगटावर बोट टेकवले आणि अंगठ्याने हळूच पाठीमागे खूण केली.

पिसारा फुलवताना टॉमच्या छातीतून एक घुमारा निघतो. तो फार खालच्या सुरातला असतो. लांबून कुणी ढोलावर नुसता तळवा ठेवावा तसा. करवतीने म्हातारबुवांचे वरचे सगळे सूर नेले होते, हा खालचा तेवढा ठेवला होता. मी कानांत प्राण आणले, तेव्हा कुठे मलाही तो जाणवला, आणि मग पानांवर पडणारी पावले. तो आमच्या पाठीमागे होता, आठ-दहा पावलांवर. वळणे शक्यच नव्हते. बंदूक गुडघ्यावर तशीच राहिली. म्हातारबुवांनी डोळे मिटून घेतले होते आणि प्रत्येक घुमाऱ्याला त्यांचे बोट माझ्या मनगटावर पडत होते. मी मोजले; अकरा वेळा. मग 'पट्ट' असा इशाऱ्याचा एक तुटक आवाज झाला, पंखांचा धडाका उडाला, आणि रान रिकामे झाले.

"पाठीमागून येतो लेकाचा!" ते मोठ्याने म्हणाले. थर्मासमधली कॉफी ओतताना त्यांचा हात इतका थरथरत होता की अर्धी पानांवर सांडली.

आता पानगळ सुरू झाली आहे, पुढचा हंगाम एप्रिलमध्ये. पण म्हातारबुवा संध्याकाळी ओसरीवर बसून पेटी घासतात. आवाज बरोबर निघतो की नाही ते त्यांना कळत नाही. म्हणून झाकण घासले की ते कुंपणावरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतात. सौ. पोळ्या लाटता लाटता ऐकते आणि मान हलवते. परवा तिने लाटणे खाली ठेवले आणि खिडकीतून हाताने 'नाही, नाही' अशी खूण केली. "आज फारच रागावून बोलावतेय ती," मला म्हणाली, "अशानं कोण येणार? जा, त्यांना सांगा, जरा गोडीनं बोलवायला."