आईचे जाते

आमच्या धारवाडात गाणे हा कौतुकाचा नव्हे, नित्याचा विषय. १९५० साली येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, तर गंगूबाई हनगल शेजारच्या हुबळीत. त्यांच्या ध्वनिफिती घरोघर जपल्या गेल्या. माझ्या कपाटात मात्र जी एक फीत जिवापाड जपली होती, तिच्यावर होत्या आईच्या ओव्या. १९८६ च्या दिवाळीत घेतलेल्या. मागे जात्याची घरघर. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली, आणि फीतही अडखळू लागली होती.

भाचा हुबळीत संगणक जुळवून देतो. म्हणाला, "मामा, आणा इकडे. बहिणीच्या लग्नाची चित्रफीतही आणा. मला दोन मदरबोर्ड तपासायचेच आहेत."

साठ मिनिटांची फीत उतरवून घेण्यास साठच मिनिटे लागली. तेथे यंत्राच्या वेगाची मात्रा चालत नाही. चित्रफितीचे एन्कोडिंग मात्र यंत्राची खरी कसोटी. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, बदलला केवळ बोर्ड. पहिली अर्धी घटका दोन्ही बोर्ड बरोबरीत! मी म्हणालो, "मग महागडा कशाला घ्यावा?" तो नुसता हसला आणि तेच काम पुन्हापुन्हा चालू ठेवले. तासाभराने स्वस्त बोर्ड मागे पडू लागला. प्रोसेसरला वीज पुरवणारे त्याचे भाग तापले, की प्रोसेसरचा वेग आपोआप उतरवला जातो. पहिल्या तासाला हात वर करणारी आणि दुपारी पेंगणारी मुले मी तीस वर्षे पाहतो आहे, तरी हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

ओव्यांच्या बाबतीत चूक माझीच. मूळ ध्वनी मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेतो असे ऐकून मी घाबरलो व म्हणालो, "लहानात लहान कर." त्याने अगदी कमी दराचे एमपीथ्री केले. ऐकले, तो आईचा आवाज होता, पण जाते नव्हते. पाण्यात काहीतरी खळबळावे तसा आवाज येत होता. कानाला जाणवणार नाही असे जे वाटते, ते या पद्धतीत गाळले जाते; आणि दर फार उतरवला, की जाणवणारेही जाते. आमच्या आईच्या ओवीतून जाते वगळायचे, म्हणजे उरले काय?

सुदैवाने मूळ प्रत पुसलेली नव्हती. मग फ्लॅक या पद्धतीने ती पुन्हा केली. जागा निम्म्याच्या आसपास वाचते, हरवत मात्र काहीच नाही. रात्री घरी एकटाच ऐकत बसलो. दुसऱ्या बाजूच्या शेवटी जाते थांबते, बांगड्या वाजतात, आणि आई विचारते, "बंद केलंस का रे ते?"