थकबाकीची यादी

यंदा उन्हाळ्यांत माझा नातू बारामतीहून रोज इंदापुरास, एका मोठ्या बँकेच्या शाखेंत उमेदवारीस जात असे. पीककर्ज मुदतींत फेडल्यास ३ लाखांपर्यंत केंद्राच्या सवलतीनें व्याज ४ टक्क्यांवर येतें, मुदत टळली कीं ती सवलत जाते, हें मला त्यानेंच समजाविलें.

एके रात्रीं तो जेवेना. थकबाकीदारांस फोन करण्याचें काम त्याजकडे आलें होतें, आणि यादींत माझा एक जुना विद्यार्थी होता. नांव मात्र सांगेना, बँकेचा दंडक! मला रागही आला, बरेंही वाटलें. “आधीं नमस्कार कर, मग आंकडा सांग,” एवढेंच मी म्हटलें.

आठवड्यानें उजनीच्या पाण्यावर ऊस करणारा एक शेतकरी दारीं आला. कारखान्याचें बिल अजून यावयाचें होतें. चहा घेतां घेतां म्हणाला, “गुरुजी, बँकेंतून कोणा पोराचा फोन आला होता. पहिल्यानें नमस्कार केला हो त्यानें!”

नातू आंतल्या खोलींतून बाहेर आला नाहीं.